आयपीएचा वाद घरीच मिटवा: पाच बिअर, जुनं वर्तमानपत्र आणि पपनसाची साल

आमच्याकडे हा वाद एका शनिवारी पेटला. मावसभाऊ पुण्याचा, त्यामुळे चांगली क्राफ्ट बिअर पुण्यातच बनते हे त्याच्या लेखी केव्हाच सिद्ध झालेलं. मित्र सहा वर्षं बेंगळुरूला नोकरी करून दादरला परतलेला. त्याच्या मते आम्ही अजून बिअर प्यायलेलोच नव्हतो. वहिनी गोव्याची बाजू लढवत होती. मी मुंबईकर म्हणून पंच झालो. चार ठिकाणच्या पाच आयपीए, म्हणजे ‘इंडिया पेल एल’ जातीच्या कडसर बिअर, आणल्या, एकेक उघडली, आणि प्रत्येकाला आपापल्या गावचीच आवडली. लेबल समोर ठेवल्यावर दुसरं काय होणार?

त्यानंतर आम्ही लेबलं झाकून बसायला लागलो. पहिल्या दोन-तीन बैठका फसल्या, मग हळूहळू पद्धत बसत गेली. ती इथे पायरीपायरीने देतो. परमिट आणि वयाच्या अटीत बसणाऱ्यांसाठीच हे आहे, आणि घरी जायला लोकल किंवा रिक्षा असणाऱ्यांसाठी. गाडीची किल्ली घेऊन येणाऱ्याला आम्ही ग्लास भरायच्या कामाला लावतो.

पहिली पायरी: एकाच जातीच्या बिअर निवडा

‘आयपीए’ या तीन अक्षरांखाली आज इतकं काही विकलं जातं की तुलना करणं म्हणजे हापूस आणि रायवळ एकाच ताटात ठेवून कुठला गोड विचारणं. ढोबळ तीन घराणी लक्षात ठेवा.

इंग्लिश आयपीएमध्ये माल्टची, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या धान्याची, बिस्किटासारखी चव पुढे असते, आणि हॉप्सचा, म्हणजे बिअरला कडूपणा देणाऱ्या फुलांचा, वास मातीकडे, सुक्या गवताकडे झुकतो. वेस्ट कोस्ट म्हणजे अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याची: स्वच्छ सोनेरी, कोरडी, पपनसाच्या सालीसारखी कडू. तिसरी हेझी किंवा न्यू इंग्लंड. व्हरमाँट राज्यात ‘हेडी टॉपर’ या बिअरपासून तिचा बोलबाला सुरू झाला. ती गढूळ असते, ओट्स आणि गव्हामुळे तोंडात मऊ लागते, फळांच्या रसाच्या वासाची आणि कडूपणात बरीच सौम्य. बिअर परीक्षकांच्या बीजेसीपी या संस्थेच्या मार्गदर्शिकेत अमेरिकन आयपीएसाठी अल्कोहोल साधारण ५.५ ते ७.५ टक्के आणि कडूपणा ४० ते ७० आयबीयू धरलेला आहे. हेझीचा कडूपणा २५पासूनच सुरू होतो. म्हणजे एकाच रांगेत वेस्ट कोस्ट आणि हेझी ठेवली, तर भांडण गावांचं राहत नाही, घराण्यांचं होतं.

आयबीयूच्या आकड्याला मात्र फार मान देऊ नका. बिअरमध्ये हॉप्सचं कडू द्रव्य लिटरला साधारण किती मिलिग्रॅम उतरलं, एवढंच तो सांगतो. माल्टचा गोडवा भरपूर असेल तर ६०ची बिअरही गोडसर लागते, आणि अंगानं हडकुळी असेल तर ४०चीही घशाला ओरखडते. कारलं तेच, पण गुळाच्या रश्श्यातलं आणि नुसतं तव्यावर परतलेलं यांत जो फरक, तोच.

एका बैठकीत पाचपेक्षा जास्त बिअर ठेवू नका. सहावीला जीभ राजीनामा देते. आम्ही एकदा नऊ ठेवल्या होत्या. सातवीनंतरच्या सगळ्या नोंदी ‘छान’ आणि ‘मस्तच’ अशा निघाल्या.

दुसरी पायरी: खरेदी, आणि निम्मा निकाल इथेच

हॉप्सचा वास फार नाजूक. बाटलीत शिरलेला थोडासा प्राणवायू आणि बाहेरची उष्णता मिळून तो महिन्या-दोन महिन्यांत उतरवतात. आधी फळांचा वास जातो, मग बिअर मधासारखी गोडसर लागायला लागते आणि शेवटी भिजलेल्या पुठ्ठ्याचा वास येतो. आमची पहिली झाकलेली बैठक यानेच फसली. उपनगरातल्या एका दुकानातून उन्हाळ्यात कॅन आणले होते. ते दुकानाच्या दारातच उन्हाला लागून रचलेले. पाचपैकी तीन बिअरना पुठ्ठा, आणि आम्ही तासभर ब्रुअरीला नावं ठेवत बसलो. चूक ब्रुअरीची नव्हतीच.

म्हणून किमतीच्या आधी तारीख वाचा. कॅनच्या बुडाशी किंवा बाटलीच्या मानेवर ती असते. मी तीन महिन्यांपेक्षा जुनी आयपीए घेत नाही. हेझी तर दीड महिन्याच्या वरची नकोच. कॅन आणि बाटली दोन्ही असतील तर कॅन घ्या, कारण त्यात उजेड शिरत नाही. उजेडाने हॉप्सच्या कडू द्रव्यातून गंधकाचं एक संयुग तयार होतं. पुस्तकांत त्याला स्कंक नावाच्या प्राण्याचा वास म्हणतात. आपण तो प्राणी पाहिलेला नाही, पण स्वयंपाकाच्या गॅसला गळती कळावी म्हणून जो वास मिसळतात, तो याच संयुगाच्या भावकीतला. तपकिरी काच बराच उजेड अडवते, हिरवी थोडा, पांढरी जवळजवळ नाहीच. ताकीद एवढीच, की दुकानदाराने फ्रिजमधून काढून द्यावी. मागच्या खोलीतून ‘एकदम फ्रेश’ म्हणून आणलेली गरम पेटी घेऊ नये.

आता गावं. महाराष्ट्रातली क्राफ्ट बिअरची, म्हणजे छोट्या ब्रुअरींच्या बिअरची, चळवळ २००९ साली पुण्यातल्या डूलालीने सुरू केली. हे नाव आपल्या नाशिकजवळच्या देवळालीचं. देवळालीच्या छावणीत इंग्रज सैनिक मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट पाहत महिनोन्‌महिने बसत आणि कंटाळून वेडे व्हायचे, त्यावरून इंग्रजीत ‘डूलाली टॅप’ हा वाक्प्रचार आला. त्यातला ‘टॅप’ म्हणजे आपला साधा ‘ताप’. बिअरच्या नळालाही टॅप म्हणतात, हा योगायोग मला फार आवडतो. डूलालीने पुढे मुंबईतही टॅपरूम उघडले. लोअर परळला व्हाइट आउल उभी राहिली, तर गेटवे ब्रुइंगची बिअर चक्क डोंबिवलीत बनायला लागली. आम्हा डोंबिवलीकरांच्या नातेवाइकांना हे अजून खरं वाटत नाही. पुण्यात इंडिपेंडन्स आणि ग्रेट स्टेट. बेंगळुरूत २०१०पासूनची टॉइट, जिने नंतर लोअर परळच्या मथुरादास मिल आवारातही ठाण मांडलं, शिवाय ‘रेजिंग एलिफंट’वाली आर्बर. गोव्यातून गोवा ब्रुइंग कंपनीची ‘एट फिंगर एडी’, जिचं नाव हणजुणेच्या हिप्पी काळातल्या एका अवलियावरून ठेवलेलं आहे. दुकानाच्या फळीवर सगळ्या एकदम मिळतील असं नाही. प्रत्येक राज्याचा उत्पादन शुल्क विभाग वेगळा, लेबलची नोंदणी वेगळी, म्हणून माल येत-जात राहतो. त्या आठवड्यात जे ताजं मिळेल त्यावर यादी ठरवा, उलट करू नका.

मायक्रोब्रुअरीची बिअर हवी असेल तर ग्राउलर, म्हणजे झाकणाची मोठी बाटली, मिळते का विचारा. तिला २४ तासांच्या आत संपवायचं, आणि एकदा उघडली की त्याच बैठकीत. नेताना मात्र मुंबईचा हिशोब करा. लोअर परळहून ठाण्यापर्यंत मे महिन्यात पाऊण तास गर्दीत उभं राहायचं म्हणजे ग्राउलरला घाम फुटणार. मासळी आणायला वापरतो तसली थर्माकोलची पेटी आणि बर्फ, याला पर्याय नाही. पेटी घासून, उन्हात वाळवून घ्या. का, ते मी अनुभवाने सांगतोय.

ड्राय डेची यादी आधी पाहून घ्या. आषाढी एकादशीच्या दिवशी पाच जणांना जेवायला बोलावून मी साबुदाण्याची खिचडी खाऊ घातलेली आहे.

तिसरी पायरी: नाकाला शाळेत घाला

ही पायरी बहुतेक लोक गाळतात आणि मग ‘सिट्रसी, पायनी’ असले लेबलावरचे शब्द म्हणत बसतात. पाइनचं जंगल आपल्यापैकी किती जणांनी हुंगलंय? आपल्या स्वयंपाकघरात याहून चांगलं सामान आहे. बैठकीच्या आधी पाच वाट्यांत हे ठेवा:

पपनसाची साल, नखाने ओरखडून. सिट्रा आणि कॅस्केड या हॉप्सच्या जातींत हा वास ओळखू येतो. कॅस्केड अमेरिकेत १९७२ साली बाजारात आली, आणि पपनसाच्या वासाची अमेरिकन बिअर तिच्यापासूनच लोकांच्या जिभेवर रुजली.

धणे, नुकतेच भरडलेले. धण्यांच्या वासात लिनालूल नावाचं द्रव्य मुख्य असतं. तेच हॉप्सच्या फुलांत असतं.

कैरीचा देठ. तोडल्यावर जो चीक येतो त्याचा झणका हुंगा. त्यात आणि हॉप्समध्ये मायर्सीन सामाईक आहे. वेस्ट कोस्ट आयपीएतला राळेसारखा हिरवा वास काय असतो, ते या देठाने मला शिकवलं. कैरीचा मोसम नसेल तर गवती चहाची पात चुरडा.

पिकलेला पेरू, फोडलेला. मोझॅक आणि न्यूझीलंडची नेल्सन सोव्हिन या जातींत पेरूचा वास देणारी गंधकयुक्त संयुगं असतात. याच भावकीतली दुसरी संयुगं जास्त झाली की कांदा-लसणाचा वास येतो, तो ओळखलात तर अर्धे परीक्षक झालात.

पाचव्या वाटीत ओला पुठ्ठा. हसू नका. शिळी बिअर पकडायला हाच लागतो.

दोन दोष आणखी. लोण्याचा किंवा थिएटरमधल्या पॉपकॉर्नचा वास आला तर तो डायअसिटिल. यीस्टला काम पुरं करायला वेळ दिला नाही, याची ती खूण. उकडलेल्या मक्याचा वास आला तर डीएमएस, माल्टमधून आलेला आणि उकळताना नीट न उडालेला. आयपीएत दोन्हींना माफी नाही.

चौथी पायरी: ग्लास, थंडावा, चकणा

सगळ्यांना एकसारखे काचेचे ग्लास. ज्यात काल दूध किंवा ताक प्यायलं ते नकोत, कारण स्निग्धाचा पातळ थर राहिला तर फेस लगेच बसतो. ओल्या ग्लासात आतून मीठ भुरभुरा: सगळीकडे सारखं चिकटलं तर ग्लास स्वच्छ, ठिपके राहिले तर पुन्हा धुवा. फडक्याने पुसू नका, उपडे निथळू द्या. आमच्याकडच्या फडक्याला कायम फोडणीचा वास असतो, तुमच्याकडेही असेल.

फ्रिजमधली बिअर ४-५ अंशांवर असते. इतक्या गारठ्यात वास बंद असतो. ७ ते १० अंशांवर आयपीए खुलते, म्हणून फ्रिजमधून दहा मिनिटं आधी काढा. मुंबईच्या मे महिन्यात सहा पुरेत. बर्फाचा खडा कुणी टाकायला निघालं तर हात धरा.

चकण्यावर आमच्यात सर्वांत जास्त भांडणं झाली. मसाला शेंगदाणे, शेव, लसणाची चटणी, तळलेले बोंबील यांतलं काही चाचणी संपेपर्यंत टेबलावर येता कामा नये. तिखटावर कडूपणा जास्तच बोचतो, आणि तळणाचा थर जिभेवर बसतो. साधा पाव, पाणी, फार तर बिनमिठाचे फुटाणे. निकाल लागल्यावर बोंबील. वहिनींनी ही शिस्त लावली आणि तेव्हापासून बैठका वेळेत संपायला लागल्या.

पाचवी पायरी: झाकणं आणि ओतणं

न पिणारा एक माणूस लागतो. आमच्याकडे तो मान काकांना. ते स्वयंपाकघरात बाटल्यांना वर्तमानपत्र गुंडाळतात, क्रमांक टाकतात आणि कुठला क्रमांक कुठल्या बिअरचा ते वेगवेगळ्या चिठ्ठ्यांवर लिहून डब्यात ठेवतात. क्रम ठरवताना आयबीयू माहीत असला तर कमीकडून जास्तीकडे जायचं, नाहीतर अल्कोहोलच्या टक्क्यांवरून. एकदम कडू आधी प्यायलात तर पुढची सगळी पाणचट लागते.

पाच जणांसाठी प्रत्येक बिअरचे दोन पाइंट घ्या. ३३० मिलिलिटरचा एक पाइंट पाच ग्लासांत ६६ मिलिलिटर पडतो, चाचणीला तेवढं पुष्कळ. दुसरा पाइंट निकालानंतर. तरी हिशोब ठेवा: दोन्ही फेऱ्या मिळून माणशी ६६० मिलिलिटर, म्हणजे एका मोठ्या बाटलीएवढं होतंच.

हेझीचा कॅन ओतण्याआधी आडवा धरून हलकेच फिरवा, तळाचा गाळ सारखा मिसळतो. स्वच्छ आयपीएत उलट. तळाचा घोटभर मागे ठेवा.

‘मला फरक कळतोच’ म्हणणाऱ्यासाठी त्रिकोणी चाचणी आहे. तीन ग्लास, दोनात एकच बिअर, तिसऱ्यात दुसरी. वेगळी कुठली ते सांगा. नुसत्या नशिबाने तिघांत एकदा बरोबर येतं. पाच जणांपैकी किमान चौघांनी ओळखलं, तर निव्वळ नशिबाने तसं घडण्याची शक्यता साडेचार टक्क्यांच्या आसपास, म्हणजे फरक खरा मानायचा. आमच्या बेंगळुरूवाल्या मित्राने पुण्याची आयपीए दोनदा ‘ही आमची’ म्हणून छातीशी धरली. आता तो कमी बोलतो.

सहावी पायरी: प्या, लिहा, मग बोला

क्रम महत्त्वाचा. आधी रंग आणि फेस, मग लगेच वास, कारण पहिल्या दोन-तीन हुंगण्यांत जे मिळतं ते नंतर मिळत नाही, नाक सरावतं. मग घोट. वाइनवाल्यांसारखं थुंकायचं नाही, कडूपणाची जाणीव जिभेच्या मागे आणि घशाशीही असते, म्हणून गिळायचंच. गिळल्यावर मनात दहा मोजा आणि काय उरतं ते पाहा. बोलायचं मात्र नाही. एकाने ‘आंबा!’ म्हटलं की सगळ्यांना आंबा लागतो.

कागदावर चारच ओळी: वास, पहिला घोट, मधलं अंग, शेवट. गुण द्यायचे असतील तर दहापैकी द्या, पण शेवटच्या ओळीला दुप्पट धरा. इथे माझं मत आलं, आणि ते लपवत नाही.

चांगली आयपीए कशाला म्हणायचं

कडू किती, हा प्रश्नच मला चुकीचा वाटतो. कडूपणा कसा उठून जातो, हे पाहावं. मेथीची भाजी चांगली झाली की कडूपणा येतो, भुकेला धार लावतो आणि जातो. बिघडली की जेवण संपेपर्यंत टाळूला चिकटून बसतो. आयपीएचंही तसंच. गिळल्यावर कडूपणा वर चढावा, दहा मोजेपर्यंत उतरावा आणि तोंड कोरडं, स्वच्छ राहून हात पुन्हा ग्लासाकडे जावा. चिकट, जिभेवर खरवडणारा शेवट असेल तर पेरू, आंबा, फणस असा सगळा बाजार वासात भरलेला असूनही ती बिअर माझ्या यादीत खालीच जाते.

या शेवटाची कारणं शोधायला गेलं की पाण्यापाशी येतो. इंग्लंडमधल्या बर्टन गावाचं पाणी जिप्समयुक्त, सल्फेटने भरलेलं. त्याने कडूपणा कोरडा आणि धारदार लागतो. हिंदुस्थानात बिअर पाठवण्याचा धंदा आधी लंडनमधल्या बो इथल्या हॉजसनच्या ब्रुअरीकडे होता. १८२०च्या दशकात ऑलसॉप आणि इतर बर्टनकर त्यात उतरले ते या पाण्याच्या जोरावर. केप ऑफ गुड होपला वळसा घालून चार ते सहा महिने, विषुववृत्त दोनदा ओलांडून पिंपं मुंबई-कोलकात्याला पोचत, आणि भरपूर हॉप्समुळे बिअर आंबत नसे. हॉप्स काही जिवाणूंना वाढू देत नाहीत. गोऱ्या शिपायांसाठी ही खास बनवली, ही दंतकथा मात्र सोडून द्या. शिपाई मुख्यतः पोर्टर नावाची काळी बिअर पीत. फिकी एल, म्हणजे ही आयपीए, साहेबांच्या टेबलावर जाई.

मुंबईचं पाणी याच्या अगदी उलट. भातसा, तानसा, वैतरणा: सगळं तलावांत साठलेलं पावसाचं पाणी, मऊ, फारसे क्षार नसलेलं. ब्रुअरसाठी ही कोरी पाटी. जिप्सम टाकलं की वेस्ट कोस्टची कोरडी धार, कॅल्शियम क्लोराइड टाकलं की हेझीचा गुबगुबीत मऊपणा. म्हणजे ‘आमच्या गावचं पाणीच वेगळं’ हा अभिमान इथे चालत नाही, ब्रुअर पाणी बनवून घेतो. हॉप्सही बहुतांश परदेशातून येतात. देशात लाहौलच्या खोऱ्यात थोडी पिकतात, महाराष्ट्राच्या उन्हाळ्यात त्यांना हवा तसा लांब दिवस मिळत नाही. मग पुणे, गोवा, बेंगळुरू यांत वेगळं काय उरतं? ब्रुअरचा हात, आणि तुमच्या ग्लासापर्यंतचं अंतर. आमच्या वहीत जवळच्या टॅपवरची ताजी, साधी आयपीए दूरच्या नावाजलेल्या कॅनला बहुतेक वेळा हरवते.

हेझीवाले इथे भांडतात. त्यांचं म्हणणं, कडूपणा नकोच, वास हीच आयपीए. मावसभाऊ याच गोटात. मी एवढंच म्हणतो, की हेझी मऊ असावी पण लाडू नसावी. शेवटी थोडी तरी कडू कड हवी, नाहीतर तो फळांचा रस झाला आणि त्यासाठी हाजी अलीला जावं. अल्कोहोलच्या बाबतीत आपल्याकडे तसंही ८ टक्क्यांची वरची मर्यादा आहे, त्यामुळे अमेरिकेतल्या दणकट डबल आयपीएशी बरोबरी करण्याच्या भानगडीत पडू नका. ६च्या आसपासच्या आयपीएत काय लपवलंय आणि काय दाखवलंय, ते नीट कळतं.

सातवी पायरी: डबा उघडणं

सगळ्यांचे कागद गोळा झाल्यावर आधी क्रमांकांचे गुण मोठ्याने वाचा, मग एक चिठ्ठी बाकी ठेवून इतर उघडा. शेवटच्या क्रमांकावर प्रत्येकाने गावाचं नाव सांगायचं आणि चुकलेल्याने बोंबील तळायचे. दुसरी फेरी आता, लेबलं उघडी ठेवून. आपलंच मत बदलतंय का ते पाहायला ही फेरी फार उपयोगी; लेबल दिसल्यावर ज्याचे गुण दोनने वाढले, त्याचं नाव वहीत लाल शाईने जातं.

प्रत्येक लेबलचा तारखेसकट फोटो काढून ठेवा, कारण तीच बिअर सहा महिन्यांनी दुसऱ्या बॅचची घेतली तर निकाल फिरू शकतो. आमच्या वहीत एकच आयपीए एका बैठकीत पहिली आहे आणि पुढच्या बैठकीत चौथी. पहिल्या वेळी कॅन अठरा दिवसांचा होता, दुसऱ्या वेळी एकशे चाळीस. दोन्ही पानांवर तिच्याविषयी लिहिणारा मीच, आणि दुसऱ्या पानावर माझ्याच अक्षरात लिहिलंय: ‘ही कुणी आणली?’